नियम ८ आणि दोन ताफे: ए-क्लास कॅटमरानचं एक प्रकरण

ए-क्लास कॅटमरान म्हणजे एका माणसाने चालवायची, एकाच शिडाची, दोन सडपातळ हलांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या दोन लांबट अंगांची, शर्यतीची होडी. तिची ओळख चार आकड्यांत संपते. लांबी जास्तीत जास्त ५.४९ मीटर, रुंदी जास्तीत जास्त २.३० मीटर, शीड डोलकाठीसकट जास्तीत जास्त १३.९४ चौरस मीटर आणि वजन, शर्यतीचं सारं सामान लावून, कमीत कमी ७५ किलो. या चौकटीत हलचा आकार, शिडाची कापणी, डोलकाठीची लवचीकता, बोर्डाची (हलमधून पाण्यात उतरणाऱ्या पात्याची) जागा, सगळं ज्याचं त्याने ठरवायचं. हॉबी १६ सारख्या वर्गात होडी एकाच साच्यातून निघते आणि तिला हात लावायचा नसतो. इथे उलटं, चौकट पाळा आणि डोकं चालवा.

डोकं चालवण्याची ही मुभाच पुढे अडचणीची ठरली. होडीने पाण्याखालच्या पंखांवर हवेत उचललं जाऊ नये म्हणून केलेला वर्गाच्या नियमावलीतला आठवा नियम, त्याला वळसा घालणारे बोर्ड, मग संघटनेतली मतामतांतरं आणि शेवटी एकाच वर्गाचे क्लासिक आणि ओपन असे दोन ताफे, असं हे प्रकरण आहे. हँडिकॅप रेटिंग, म्हणजे वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र धावल्या की त्यांच्या वेळा तुलनेला आणणारा आकडा, ठरवणाऱ्यांनाही ते चांगलंच भोवलं.

थोडं मागे जाऊ. कॅटमरानच्या शर्यती वाढल्या तशा आंतरराष्ट्रीय नौकानयन संघटनेने, म्हणजे तेव्हाच्या आयवायआरयूने, शिडाच्या क्षेत्रानुसार ए, बी, सी आणि डी असे चार विभाग पाडले. बी विभागासाठी १९६७ साली इंग्लंडमध्ये केंटच्या किनाऱ्यावर चाचण्या झाल्या. त्यात रॉडनी मार्च यांची टॉर्नेडो निवडली गेली आणि १९७६ ते २००८ ती ऑलिंपिकमध्ये होती. सी विभागात ताठ पंखासारख्या शिडांचे प्रयोग रंगले. डी फारसा रुजला नाही. ए विभाग मात्र एकट्या माणसाचा, हलका आणि मोकळा वर्ग म्हणून टिकला.

जाता जाता शब्दाबद्दल. कॅटमरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, पण कट्टुमरम म्हणजे एकमेकांना बांधलेले ओंडके, दोन हलांची होडी नव्हे. दोन होड्या शेजारी बांधून केलेल्या तराफ्याला मराठीत ‘सांगड’ म्हणतात. गोव्यात २९ जूनच्या सांगोडाला आजही दोन होड्या बांधून त्यावर मंच उभारतात. म्हणजे नेमका शब्द आपल्याकडे होता आणि जगाने भलताच उचलला.

आता नियम ८. साधारण २००९ च्या सुमारास तो आला. हलमधून खाली जाणारे बोर्ड वरूनच, म्हणजे डेकच्या बाजूनेच बसवता आले पाहिजेत, ही पहिली अट. बोर्डांची टोकं होडीच्या मध्यरेषेपासून ७५ सेंटिमीटरच्या आत येता कामा नयेत, ही दुसरी. एकूण रुंदीची २.३० मीटरची मर्यादा बोर्डांनाही लागू होतीच. तोवर पाण्याखालच्या पंखांवर, म्हणजे फॉइलवर, होडी उचलण्याचे प्रयोग दुसऱ्या वर्गांत यशस्वी झाले होते. मॉथ या एकट्याने चालवायच्या छोट्या होडीच्या वर्गाने ते स्वीकारून स्वतःचं रूपच पालटलं आणि २००५ साली त्यांची जागतिक स्पर्धा फॉइलवरच्या होडीने जिंकली. ए-क्लासमधल्या बहुतेकांना ते नको होतं. त्यांच्या होड्या महाग होत्या, दहा-पंधरा वर्षं चालणाऱ्या होत्या, आणि एका हंगामात त्या भंगारात काढाव्या लागतील ही धास्ती खरी होती.

दोन्ही अटींमागचं गणित सोपं होतं. होडी उचलायची तर पाण्याखाली आडवं पातं हवं. इंग्रजी एल अक्षरासारखा बोर्ड केला तर त्याचं आडवं पातं डेकवरच्या खाचेतून वरून आत जाणार नाही, तो खालून घालावा लागेल. म्हणजे वरून बसवण्याच्या अटीने एल-बोर्ड बाद. आणि आतल्या बाजूला जागाच कमी ठेवली तर वाकवलेल्या बोर्डालाही पुरेसं आडवं क्षेत्र मिळणार नाही, असा हिशेब.

तो किती जवळचा होता ते आकड्यांनी पाहू. रुंदीचा अर्धा भाग १.१५ मीटर. मध्यरेषेपासून ७५ सेंटिमीटर सोडले की बाहेरच्या टोकापासून आत ४० सेंटिमीटरची पट्टी उरते. त्यातली थोडी जागा बोर्ड खाली उतरण्यात जाते. समजा आडवं म्हणता येईल असं पातं ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद मिळालं. एका बाजूचं क्षेत्र ०.०६ चौरस मीटर, दोन्ही मिळून ०.१२. होडी ७५ किलो आणि ओल्या कपड्यांसकट माणूस ८० किलो धरला, तर उचलायचं वजन १५५ किलो, म्हणजे सुमारे १५२० न्यूटन. उचल देणारा गुणांक ०.५ धरून समुद्राच्या पाण्यात हिशेब केला, तर ८ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाला ०.३५ चौरस मीटर पातं लागतं, १२ नॉटला ०.१६ आणि १५ नॉटला ०.१०. आपल्याकडे ०.१२ आहे. म्हणजे होडी साधारण १४ नॉटच्या आसपास पाणी सोडेल, आणि सुकाणूवर छोटे आडवे पंख बसवले तर त्याच्याही आधी. ए-क्लास वाऱ्याबरोबर धावताना वाऱ्यापेक्षा वेगाने जाते, तेव्हा मध्यम वाऱ्यात १४ नॉट तिला जड नाहीत. नियम लिहिणाऱ्यांनी कुंपण घातलं होतं खरं, पण बरोबर त्या उंचीचं, जिथून उडी मारता येते.

उडी मारायचं धाडस मात्र दुसरीकडून आलं. २०१२ साली अमेरिका चषक या नौकाशर्यतीसाठी बांधलेली न्यूझीलंड संघाची एसी७२ ही बावीस मीटरची कॅटमरान फॉइलवर उडाली. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ते सगळ्या जगाने पाहिलं. त्या संघांतले बरेच खलाशी सुट्टीत ए-क्लास चालवत. बोर्डाचे आकार, कोन, सुकाणूचे पंख हे ज्ञान त्यांच्याबरोबर छोट्या होडीत उतरलं. २०१४ च्या फेब्रुवारीत ऑकलंडच्या ताकापुनाला जागतिक स्पर्धा झाली आणि नेथन आउटरिज जिंकले. वाऱ्याबरोबरच्या टप्प्यात पाण्यावरून उचललेल्या होड्या तिथे सर्रास दिसत होत्या.

नियमात बसणारे बोर्ड दोन प्रकारचे निघाले. पहिला जे-बोर्ड, खालच्या टोकाला आत वळलेला. दुसरा झेड-बोर्ड, म्हणजे वरचा भाग बाहेरच्या बाजूला झुकलेला, मधे कोपर, आणि खालचा भाग आत आणि थोडा वर वळलेला. हलमधली खाच लांबट केली की हा वाकडा बोर्ड डेकवरून हलवत-डुलवत आत घालता येतो. वरून बसवण्याची अट तंतोतंत पाळली गेली, हेतू मात्र हवेत उडाला.

झेड-बोर्डच पुढे का चालला, हे समजून घेण्यासारखं आहे. मॉथला पाण्याची पातळी चाचपणारी काडी असते. ती फॉइलच्या मागच्या हलत्या पट्टीचा कोन आपोआप बदलते. ए-क्लासवर तसं काही नाही. मग उंची कोण राखतं? बोर्डाचा उभा भाग होडीला आडवी घसरू देत नाही आणि वळलेला भाग तिला उचलतो. होडी वर आली की उभ्या भागातला काही तुकडा पाण्याबाहेर येतो, होडी किंचित आडवी घसरू लागते, आणि त्या घसरण्यामुळे आत-वर वळलेल्या पात्याचा कोन कमी होऊन उचलही घटते. होडी पुन्हा खाली बसते. एसी७२ वरही तत्त्व हेच होतं. पातं जितकं आडवं, तितकी उचल जास्त आणि स्थिरता कमी. जितकं वर वळलेलं, तितकी स्थिरता जास्त पण घर्षणाचा खर्चही जास्त.

चुकतं कुठे, तर बहुधा पुढच्या-मागच्या तोलात. पुढच्या बोर्डाचा कोन आणि सुकाणूच्या पंखांचा कोन एकमेकांशी जुळलेला हवा. बोर्डाच्या वरच्या टोकाला पुढे-मागे सरकणारं धारण असतं, आणि ते सरकवलं की कोन बदलतो. सगळा खेळ दोन-तीन अंशांचा. कोन जास्त ठेवला तर होडी उसळते, पातं पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतं, त्यात हवा शिरते आणि उचल एका क्षणात संपते. मग नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात खुपसते आणि ट्रॅपीजवर (डोलकाठीवरून आलेल्या तारेवर) लटकलेला माणूस डोलकाठीला वळसा घालून पुढे फेकला जातो. सुकाणूचे पंख पुरेसा मागचा आधार देत नसतील तर हेच घडतं. म्हणून नवखा माणूस आधी सुकाणूचा कोन बिनचूक करतो, दोन्ही सुकाणूंत अर्ध्या अंशाचाही फरक राहणार नाही हे पाहतो, आणि मग बोर्डाला हात लावतो.

हलवर येणारा भारही वेगळा. सरळ बोर्डाची खाच फक्त बाजूचा जोर घ्यायला केलेली असते. वळलेल्या बोर्डाच्या टोकाकडे समजा १००० न्यूटनची उचल कोपरापासून १५ सेंटिमीटरवर आली, तर कोपराला १५० न्यूटन-मीटरचं वाकवणं सोसावं लागतं आणि ते वर-खालच्या दोन आधारांतून हलच्या कवचात उतरतं. जुन्या हलमध्ये नुसते नवे बोर्ड बसवले की खाचेच्या खालच्या ओठाला आधी केसासारखी चीर पडते, तिच्यातून पाणी शिरतं आणि कवचातला फोम पाणी पितो. वजन वाढल्यावर मालकाला कळतं. दुरुस्तीत खाचेभोवतालचं कवच कापून कार्बनचे थर नव्याने चढवावे लागतात. फॉइलिंग किट बसवून घ्या, हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. बोर्ड, खाच, आधार, सुकाणू आणि त्यांना धरून ठेवणारे पेटारे, सगळं बदललं तरच काम होतं.

इथे संघटनेचा पेच सुरू झाला. आंतरराष्ट्रीय ए-क्लास संघटना म्हणजे देशोदेशींच्या राष्ट्रीय संघटनांचा संघ. नियम बदलायला साधं बहुमत पुरत नाही, मोठं बहुमत लागतं आणि त्यानंतर जागतिक नौकानयन संस्थेची मान्यता. समोर ढोबळमानाने चार वाटा होत्या. नियम ८ काढून टाकायचा. नियम आणखी घट्ट करून फॉइलिंग खरोखरच बंद पाडायचं. काहीच करायचं नाही. किंवा ताफा विभागायचा.

काढून टाकण्याच्या बाजूचा युक्तिवाद वरवर उलटा वाटतो, पण होता बिनतोड. फॉइल थांबवण्यासाठी लिहिलेल्या नियमाने फॉइल थांबले नाहीत, फक्त ते महाग आणि अवघड झाले. एल-बोर्ड खालून घालू दिला असता तर तो साधा, स्वस्त आणि जास्त स्थिर झाला असता. वरून घालायच्या अटीमुळेच लांबट खाच, वेडावाकडा बोर्ड आणि नाजूक तोल पदरी पडले. विरोधकांचं म्हणणंही तितकंच खरं होतं. नियम मोकळा केला की जुन्या होड्यांची किंमत त्याच दिवशी कोसळेल, आणि पन्नाशी-साठीतले, वर्गणी भरणारे, क्लबची शेड झाडणारे सभासद गळतील. ताकापुनाच्या सुमारास नियम मोकळा करण्याची सूचना आली खरी, पण तिला लागणारं बहुमत मिळालं नाही. नियम ८ जागच्या जागी राहिला.

बंद पाडणं का जमलं नाही, याकडे फार कोणी लक्ष देत नाही. वक्र बोर्ड ए-क्लासमध्ये आधीपासून होते. सी-आकाराचा बोर्ड होडीचं थोडं वजन उचलतो, पण तिला पाण्याबाहेर काढत नाही. म्हणजे उचल आणि उड्डाण यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची? बोर्डाच्या वक्रतेवर मर्यादा घालावी, तर साचे दाखवून मोजमाप करणारा माणूस प्रत्येक स्पर्धेत लागेल. सुकाणूचे पंख बंद करावेत, तर होडी उडेल तशीच, फक्त कोलांट्या जास्त मारेल. होडी हवेत दिसली की दंड, असा नियम पाण्यावर कोण लावणार?

इतर वर्गांनी काय केलं तेही याच काळात डोळ्यांसमोर होतं. एफ-१८ वर्गाने फॉइलिंगपासून चार हात दूर राहणं पसंत केलं. तिथे दोन माणसांची, १८० किलोची होडी असते, ताफे मोठे असतात, आणि जे चाललंय ते बिघडवायची कोणाचीच इच्छा नव्हती. नाक्रा १७ चं उलटं. ऑलिंपिकमधला वर्ग, एकच उत्पादक, आणि वरून आलेला निर्णय. २०१६ च्या रिओनंतर ती पूर्ण फॉइलिंग केली गेली आणि ज्याला ऑलिंपिकला जायचं त्याने होडी बदलून घेतली; मतदानाचा प्रश्नच आला नाही. भारताची मिश्र जोडी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत नाक्रा १७ मध्ये उतरली, ती या बदललेल्या होडीवर. ए-क्लासकडे एकच उत्पादक नव्हता आणि वरून हुकूम देणारं कोणी नव्हतं. होते ते फक्त सभासद.

तेव्हा उरली विभागणी. काही वर्षांच्या घुसळणीनंतर क्लासिक हा वेगळा ताफा मानला गेला. ढोबळमानाने सांगायचं तर सरळ किंवा सी-आकाराचे बोर्ड असलेल्या, सुकाणूवर आडवे पंख नसलेल्या होड्या क्लासिकमध्ये आणि बाकी ओपनमध्ये. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या हर्वी बे इथे जागतिक स्पर्धेत दोन विजेतेपदं दिली गेली. ओपनमध्ये ग्लेन ॲशबी जिंकले, क्लासिकमध्ये अँड्र्यू लँडेनबर्गर.

क्लासिक म्हणजे जुन्या होड्यांचा ताफा, हा गैरसमज काढून टाकायला हवा. शिडाचा खालचा काठ थेट ट्रँपोलिनपर्यंत, म्हणजे दोन हलांमध्ये ताणलेल्या जाळीपर्यंत, आणणारं डेकस्वीपर शीड २०१५ च्या आसपास आलं आणि ते दोन्ही ताफ्यांत पसरलं. शिडाच्या खालून हवा निसटत नाही, जोराचा केंद्रबिंदू खाली येतो आणि तेवढ्याच वाऱ्यात माणसाला होडी सपाट ठेवता येते. क्लासिकसाठी नव्या कोऱ्या होड्याही बांधल्या जातात. फरक एवढाच की त्या पाण्यावर राहतात.

आता रेटिंग. लहान कॅटमरानांच्या मिश्र शर्यतींसाठी मोजमापावर आधारलेल्या दोन पद्धती जास्त चालतात. एक आंतरराष्ट्रीय एससीएचआरएस (स्मॉल कॅटमरान हँडिकॅप रेटिंग सिस्टिम) आणि दुसरी डच टेक्सेल पद्धत. टेक्सेल बेटाला वळसा घालणारी शर्यत १९७८ पासून होते, आणि तिथे एकाच किनाऱ्यावरून नाना जातींच्या होड्या सुटतात, म्हणून ती गरज तिथे आधी जाणवली. दोन्हींत होडीची लांबी, शिडाचं क्षेत्र, वजन आणि बोर्ड आहेत की नाहीत हे सूत्रात घालून एक आकडा काढतात. वेगवान होडीचा आकडा लहान. एससीएचआरएसमध्ये प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला रेटिंगने भागलं की सुधारित वेळ मिळते. टेक्सेलमध्ये शंभराने गुणून भागतात.

सूत्रातले घातांक लहान असतात, टेक्सेलमध्ये लांबीचा आणि वजनाचा ०.३ च्या आसपास आणि शिडाचा ०.४. याचा अर्थ हातावर मोजता येतो. होडी तीन किलो जड झाली आणि माणसासकट वजन १५० चं १५३ झालं, तर वजन २ टक्क्यांनी वाढलं आणि रेटिंग सुमारे ०.६ टक्क्याने बदललं. तासाभराच्या शर्यतीत ते २१-२२ सेकंद होतात. म्हणून वजनकाटा नीट असणं ही चैन नाही.

पण हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं: होडी पाण्यात आहे. लांबी महत्त्वाची, कारण हल पाणी बाजूला सारतो. वजन महत्त्वाचं, कारण त्याने हल खोल बसतो. होडी फॉइलवर गेली की हलची ५.४९ मीटर लांबी हवेत असते आणि सूत्रातलं ते पद निरर्थक होतं. आणि हलक्या वाऱ्यात तीच होडी उडत नाही, वर तिच्या बोर्डाच्या जादा पात्यांचं आणि सुकाणूच्या पंखांचं घर्षण ओढत बसते. म्हणजे एकाच होडीच्या दोन होड्या होतात, आणि कधी कोणती हे वारा ठरवतो.

समजा एका क्लबने क्लासिकला १.०० आणि ओपनला ०.९५ दिलं. आकडे हिशेबापुरतेच आहेत. पहिल्या दिवशी वारा ५ नॉट. क्लासिक ५८ मिनिटांत आली, ओपन ६२ मिनिटांत. ओपनची सुधारित वेळ ६२ भागिले ०.९५, म्हणजे ६५ मिनिटं १६ सेकंद. आधीच मागे असलेली होडी कागदावर आणखी सव्वातीन मिनिटं मागे गेली. दुसऱ्या दिवशी १६ नॉट वारा. क्लासिक ४७ मिनिटं, ओपन ४१. ओपनची सुधारित वेळ ४३ मिनिटं ९ सेकंद, तरी ती जवळजवळ चार मिनिटांनी जिंकली. दोन्ही दिवशी दोघांनी सारखीच चांगली होडी चालवली असं धरलं, तर पहिल्या दिवशी ओपनचं रेटिंग १.०६९ हवं होतं आणि दुसऱ्या दिवशी ०.८७२. या दोन टोकांमधला कोणताही एक आकडा घ्या, तो दोन्ही दिवशी चुकतो, फक्त चुकीची बाजू बदलते. हंगामभराची सरासरी चोख निघाली तरी प्रत्येक शर्यतीचा निकाल हवामानखात्याने लावलेला असतो.

वाऱ्यानुसार रेटिंग बदलावं, असं यावर लगेच सुचतं, आणि ते नवं नाही. अमेरिकेतल्या पोर्ट्समथ पद्धतीत बोफर्ट मापाप्रमाणे ०–१, २–३, ४ आणि ५–९ असे वाऱ्याचे गट पाडून वेगळे आकडे दिलेले असतात. साध्या होड्यांना ते ठीक लागू पडतं. फॉइलिंगला नाही, कारण बोफर्ट २–३ म्हणजे ४ ते १० नॉट, आणि होडी पाणी सोडते ती बहुधा याच गटाच्या आत. गटाच्या खालच्या टोकाला ओपन रखडते, वरच्या टोकाला उडते, आणि दोन्हींना एकच आकडा. शिवाय समितीच्या होडीवरून नोंदलेला वारा ७ नॉट आणि डाव्या बाजूच्या पट्ट्यात ११ असं रोज घडतं. त्या पट्ट्यात गेलेला उडाला, न गेलेला नाही. मग निकाल लावायचा कोणत्या वाऱ्याने?

निकालांवरून रेटिंग ठरवणाऱ्या ब्रिटिश पोर्ट्समथ यार्डस्टिकची अडचण निराळी. तिथे क्लबांकडून आलेले निकाल गोळा करून आकडा हळूहळू दुरुस्त होतो. त्यासाठी पुष्कळ होड्यांच्या पुष्कळ शर्यती लागतात, आणि ए-क्लासचे ओपनवाले मिश्र क्लब-शर्यतीत फार उतरतच नाहीत. जे उतरतात ते निवडक, तरबेज लोक. आलेला आकडा होडीचा कमी, माणसाचा जास्त.

तेव्हा क्लासिक आणि ओपन वेगळे मानणं ही वर्गाची नुसती घरगुती तडजोड नव्हती. रेटिंगच्या बाजूनेही तोच एक सुसंगत मार्ग होता. यादीत त्यांना दोन वेगळ्या ओळी दिल्या तरी ओपनच्या ओळीवर फार विसंबू नये. क्लासिकचा आकडा मात्र भरवशाचा असतो, आणि एफ-१८, हॉबी १६, डार्ट १८ यांच्याबरोबर क्लासिकला एकत्र धावता येतं.

एखाद्या क्लबकडे तीन क्लासिक, दोन ओपन आणि पाच-सहा हॉबी १६ असतील, तर पुढीलप्रमाणे चालवावं. क्लासिक आणि हॉबी १६ यांचा एक गट, एकच सुरुवात, रेटिंगने निकाल. हॉबीच्या जोडीचं किमान वजन १२९.३ किलो आहे, ते आधी तोलून घ्यावं, नाहीतर शेवटच्या फेरीत वाद होतो. ओपनची वेगळी सुरुवात आणि वेगळा निकाल, रेटिंग न लावता, आधी आला तो पहिला. सुरुवातींमध्ये किमान ५ मिनिटांचं अंतर असावं. ओपन आधी सोडावी की नंतर, हे सकाळी वारा पाहून ठरवायची मुभा शर्यतीच्या सूचनांत लिहून ठेवावी. चांगल्या वाऱ्यात ओपन मागून सुटली तर २० नॉटने येणारी होडी ट्रॅपीजवर लटकलेल्या माणसांच्या मधून वाट काढते, आणि वाऱ्याकडच्या बोयाशी वळणाऱ्या गर्दीत ते धोक्याचं आहे. हलक्या वाऱ्यात ओपन आधी सोडली, तर मागून येणारा सगळा ताफा तिला गाठतो आणि तीच कोंडी पुन्हा होते.

मोजणी करणाऱ्यासाठी. होडी आधाराच्या दोन उंच लाकडी घोड्यांवर, दोन्ही दिशांनी सपाट ठेवा. पुढच्या आडव्या दांडीच्या मध्यापासून मागच्या दांडीच्या मध्यापर्यंत ताणलेली दोरी, ही मध्यरेषा. बोर्ड पूर्ण खाली सोडा. दोरीवरून ओळंबा सोडून बोर्डाच्या सगळ्यांत आतल्या बिंदूपर्यंत आडवं अंतर मोजा. ते ७५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. मग बोर्ड अर्धा वर ओढून पुन्हा मोजा, कारण वक्र बोर्डाचा आतला बिंदू प्रवासात सरकतो आणि पूर्ण खाली असताना नियमात बसणारा बोर्ड मधल्या जागी आत आलेला सापडतो. दोन्ही बाजू मोजा. खाचांचा कोन डावीकडे-उजवीकडे सारखा असेलच असं नाही. बोर्ड बाहेर काढून मालकालाच वरून पुन्हा घालायला सांगा. तो खालून घालायला गेला तर पुढचं काही मोजायची गरज नाही.

वजन कोरड्या होडीचं, वाऱ्याच्या आडोशाला, काटा शून्यावर आणून. हलच्या बुडात पाणी नाही हे तळाचं बूच काढून आधी पाहावं. आदल्या दिवशी धावलेल्या होडीत अर्धा-पाऊण लिटर पाणी सहज असतं, आणि हलकी होडी त्या पाण्याच्या जोरावर ७५ भरते.

क्लासिकमध्ये नाव नोंदवलेल्या होडीचे सुकाणू जोडीने उचलून पाहावेत. पंखांचे पेटारे तसेच ठेवून नुसते पंख काढता येणारे सुकाणू मिळतात. पंख काढले की होडी क्लासिकसारखी दिसते, पण बोर्ड झेड आकाराचेच असतील तर ती ओपनच. आणि स्पर्धेच्या सूचनांत एक ओळ न विसरता घालावी, की पहिल्या शर्यतीच्या इशाऱ्यानंतर बोर्ड किंवा सुकाणूची जात बदलता येणार नाही, मोडतोड झाली तरी बदली सामान त्याच ताफ्याच्या नियमात बसणारं हवं. ही ओळ नसेल तर शनिवारी हलक्या वाऱ्यात क्लासिक म्हणून धावलेली होडी रविवारी वारा वाढला की ओपनमध्ये नाव द्यायला येते, आणि तिला नाही म्हणायला समितीकडे कागदावर काही नसतं.